तेजलच्या दंडावर सोळा दिवस

मी प्लास्टरचा पट्टा बोलतोय. माझं आयुष्य एकूण सोळा दिवसांचं. त्याआधी नाशिकमधल्या एका हाडांच्या दवाखान्यात मी कित्येक महिने डब्यात गुंडाळून पडलो होतो, पण त्याला काही मी जगणं म्हणत नाही.

मंगळवारी दुपारी तेजलला आणलं. ती सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला. पहिली पाळी सुटली, खडीवरून स्कूटी घसरली आणि उजवा दंड मधोमध मोडला. डाव्या हाताने तो हात पोटाशी धरून ती बसली होती. तेजल जन्मापासून बहिरी; तिचं सारं बोलणं हातांनी.

डॉक्टर योगिनीताईंनी नाडी पाहिली. मग तेजलच्या आईला, विठाबाईंना म्हणाल्या, “पंजा वर उचलायला सांगा.”

विठाबाईंनी स्वतःचा पंजा उचलून दाखवला. तेजलने जीव तोडून जोर लावला. कपाळ घामाने भिजलं, पण पंजा लोंबतच राहिला.

“दंडाच्या हाडाला लागून नस जाते, ती दुखावलीय,” डॉक्टर म्हणाल्या. “बहुतेकदा आपोआप सुधारते. आत्ता ऑपरेशन नको. हाड हलू द्यायचं नाही.”

“आमच्या कळवणकडं एक जण हाय, हाड ओढून बसवतो. तिकडं न्यावं का?”

“मावशी, ओढाओढीत नस तुटली तर?”

विठाबाईंनी लेकीच्या लोंबणाऱ्या पंजाकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

प्लास्टर घालणाऱ्या वाल्मीकने मला बादलीत बुडवून हलकेच पिळलं. दंडावर कापूस होताच. काखेतून खाली, कोपराखालून वळवून बाहेरून खांद्यापर्यंत त्याने मला चढवलं आणि वरून बँडेज गुंडाळलं. डॉक्टरांनी तळव्यांनी दाबून मला आकार दिला. मी गरम झालो, मग कडक. मनगट पट्टीने गळ्यात अडकवलं.

“बोटं निळी किंवा गार पडली, दुखणं वाढलं, तर तडक या,” डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दंड सुजू लागला. तो फुगत होता आणि मला सैल होता येत नव्हतं. बोटं थंड पडत चाललेली मला कळत होती, पण सांगणार कोणाला?

तेजल डाव्या हाताने खुणा करत होती. विठाबाईंना कळेना. तेजलच्या लहानपणापासून त्यांचं एकच, “माझ्या तोंडाकडं बघ.” जेवण, पाणी, ये, जा, यापलीकडे लेकीचे हात त्या शिकल्याच नव्हत्या. शेजारीण म्हणाली, “प्लास्टर घातलं की दुखायचंच.”

शेवटी तेजलने आईचं मनगट पकडलं आणि आवळत गेली. विठाबाई ओरडल्या तरी सोडेना. त्यांची बोटं काळवंडली, तेव्हा ती तिने त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. मग आपली.

“आवळतंय? येवढं?” विठाबाईंचा आवाज चिरकला. “आगं माझे माय!”

रिक्षात त्या सारखी बोटं चाचपत होत्या. वाल्मीकने आम्हाला पाहिलं आणि धावतच कात्री आणली. बँडेज वरपासून खालपर्यंत कापलं, आतला कापूसही. डॉक्टर नाडीवर बोट ठेवून बसल्या. मी जिला सावरायला आलो, तिचाच गळा घोटत होतो की काय!

हळूहळू नखांखाली गुलाबी रंग उतरला. मला पुन्हा बांधलं, या वेळी सैलसर.

घरी आल्यावर विठाबाई लेकीसमोर मांडी घालून बसल्या. “शिकव मला,” म्हणाल्या. आणि तेजलने डाव्या हाताने शिकवायला सुरुवात केली. ‘दुखतंय.’ ‘कमी.’ ‘जास्त.’ ‘भीती वाटते.’ ही शेवटची खूण शिकताना दोघीही रडल्या.

सोळाव्या दिवशी वाल्मीकने मला उतरवलं. दंडावर प्लास्टिकचा पट्टा चढणार होता. डॉक्टर म्हणाल्या, “पंजा उचल.” या वेळी विठाबाईंनी हातांनी विचारलं.

पंजा थरथरला. बोटभर वर आला, लगेच खाली पडला.

“हाललं! बाई, हाललं!”

“सुरुवात झाली,” डॉक्टर हसल्या. “अजून काही महिने लागतील.”

आता मी दवाखान्यामागे कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत आहे. थोड्या वेळाने ती न्यायला गाडी येईल. तुमच्या घरी कोणाला प्लास्टर असेल, तर त्याची बोटं पाहत जा. आम्हाला ओरडता येत नाही.

मायलेकी घरी निघाल्या, तेव्हा मी त्यांना पाहिलं. फाटकाशी थांबून विठाबाई हातांनी भराभर काहीतरी सांगत होत्या, बहुधा चुकीचं. कारण तेजल पोट धरून हसत होती.