ग्रहणातली पंगत आणि एक्स-रे

ग्रहण लागलं की सानगडीत घरोघरची दारं बंद होत, आणि बाबुलाल मास्तरांच्या अंगणात पंगत बसे. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासूनचा हा रिवाज. ग्रहणात मुद्दाम चूल पेटवायची, भाजी चिरायची आणि अख्ख्या गल्लीला दिसेल असं जेवायचं. मास्तरांना यात जेवणापेक्षा दाखवण्याचीच गोडी जास्त, असं त्यांची बायको विमलाबाई हसून म्हणायची.

यंदा दिवाळीनंतरच्या पुनवेला तिन्हीसांजेलाच ग्रहण आलं. चंद्र उगवला तोच कुरतडलेला. आणि यंदा घरात गरोदर सून होती. वांगी चिरायला मास्तरांनी भावनालाच विळीवर बसवलं. समोरच्या कुंताबाईंनी दाराच्या फटीतून पाहून कपाळावर हात मारला, तशी मास्तरांची छाती आणखीच फुगली.

भावनाला ग्रहणाची भीती नव्हती. तिची भीती वेगळी होती, आणि ती तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती. दिवस गेलेत हे कळायच्या आधी, खोकला हटेना म्हणून तिने छातीचा एक्स-रे काढला होता. “दिवस तर नाही गेले ना?” असं तिथं विचारलं होतं, आणि ती बिनधास्त “नाही” म्हणाली होती. आता पाचवा महिना चालू होता. ग्रहणाला निदान नेम असतात, हे चिरू नको, बाहेर पडू नको. या भीतीला कुठलाच नेम नव्हता.

नणंद खुशबू नागपूरला फिजिक्सची एम.एस्सी. करत होती, दिवाळीला घरी आली होती. एकदा बोलायला लागली की तिला आवरणं कठीण.

“चंद्राचं काय घेऊन बसले, बाबा! न्यूट्रॉन तारा आयका. मेलेला तारा, सूर्यापेक्षा जड, पण आपल्या तालुक्यात मावंल एवढासा. बाजूच्या ताऱ्याचा माल ओढून घेते. तो माल सरळ पडत नाही, भोवती चकतीसारखा गरगर फिरते, अन् फिरता फिरता ताऱ्यावर उतरते. थरावर थर साचते. वरून काहीच समजत नाही. मंग बुडाचा थर तापला का एका दमात सगळाच पेटते. एक्स-रेचा भडका! विझला का पुन्हा साचाले लागते.”

भावनाचा हात वांग्यावरच थांबला. वरून काहीच समजत नाही. तिच्या पोटावरूनही काही समजत नव्हतं.

“ते एक्स-रे इथपर्यंत येतेत का, ताई?”

“नाही वो, वहिनी. वरची हवा अडवते. म्हणून तं पाहाले उपग्रह वर पाठवा लागते.”

“अन् दवाखान्यातले? तिथं मधात एवढी हवा कुठं असते?”

खुशबूची नजर वहिनीच्या पोटाकडे गेली. भावना वांगं तसंच टाकून विळीवरून उठली.

मास्तर खवळले. “माह्या घरची सून ग्रहणाले भ्याली? ते कुंताबाई पाहून राहिली तिकडून!”

हो म्हटलं असतं तर सगळं ग्रहणावर खपलं असतं. पण सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहून तिला ते जमेना.

“ग्रहणाले नाही, मामाजी. म्या एक्स-रे काढला होता. हे पोटात असताना. मले मालूम नव्हतं.”

विमलाबाईची भाकर तव्यावर करपायला लागली. खुशबूने वहिनीचा हात धरला. “छातीचा होता ना? पोटाकडं लय थोडा जाते. बहुतेक काही होत नाही. उद्या भंडाऱ्याले जाऊन डॉक्टरले विचारू.”

बहुतेक. भावनाला तेवढा एकच शब्द ऐकू आला.

आता मामाजी नेहमीसारखे गरजतील, भीती म्हणजे अडाणीपणा असं सुनावतील, आणि आपल्याला बरं वाटेल, असं तिला वाटलं. त्या गरजण्याचीच ती वाट पाहत होती.

मास्तर गरजले नाहीत. त्यांनी एकदा चंद्राकडे पाहिलं आणि तिचं ताट उचललं.

“पोरी, आत चाल.”

“बाबा?” खुशबू म्हणाली.

“मले समजते सगळं. तू चुप राय.”

गल्लीदेखत त्यांनी सुनेला घरात नेलं, दार लोटलं आणि कडी लावायला गेले. कडी त्यांच्या हातातून निसटून निसटून जात होती. भावना भिंतीला टेकून ते पाहत राहिली. आतापर्यंत आपण खरं भ्यालोच नव्हतो, असं तिला वाटलं.