हॉबलची चिठ्ठी

मित्रांनो, वेल्समधल्या हेलिग गावच्या छोट्याशा संग्रहालयात, खिडकीपाशी, मी कित्येक वर्षं बसून आहे. मी एक लाकडी पेटी आहे, बुटांच्या खोक्याहून जराशी लांब. येणारे लोक माझ्याकडे बघून "काय सुबक काम आहे!" म्हणतात आणि शेजारच्या खाणकामगारांच्या दिव्यांकडे वळतात. सुबक तर मी आहेच. पण माझ्यामुळे एका घरातली मुलगी परमुलखात गेली, हे माझ्यापुढच्या पाटीवर कुणी लिहिलेलं नाही. म्हणून मीच सांगते.

मला इद्रिस पेनरीने घडवलं. तो खाणीतला सुतार होता. ही १९३४ सालची गोष्ट. खाण बंद पडून तीन वर्षं झाली होती आणि इद्रिस गावातल्या इतरांसारखाच दर आठवड्याला बेकारभत्त्याच्या रांगेत उभा राहायचा. भत्ता घेणाऱ्याने कुठलंही काम केलं तर ते कचेरीत सांगायचं, आणि सांगितलं की भत्ता कापला जायचा. त्यामुळे हेलिगमध्ये सगळे काम करत होते आणि कोणीच काम करत नव्हतं.

कुणाचं छप्पर गळायचं, कुणाचं दार लागेनासं व्हायचं. असं दोनचार दिवसांचं गुपचूप काम हाती आलं की गावात त्याला 'हॉबल' म्हणत. पण हा शब्द घरातला. पाळकांसमोर त्याच कामाला 'मदत' म्हणायचं. गुत्त्यात 'जमलं थोडंफार' एवढंच. धुणं धुवायला जाणाऱ्या बायका 'जरा जाऊन येते' म्हणून घराबाहेर पडत. कचेरीच्या खिडकीपुढे मात्र त्या कामाला नावच नसे.

हे सगळे शब्द गोळा करायला निघाल्या होत्या शाळेतल्या प्रोसरबाई. त्या मूळच्या हेलिगच्या नव्हेत. शहरातले एक प्राध्यापक या दऱ्याखोऱ्यांतल्या बोलीचा शब्दकोश करत होते आणि बाई त्यांना शब्द पाठवणार होत्या. प्राध्यापकांचे नियम कडक होते. प्रत्येक शब्दाची वेगळी चिठ्ठी करायची. तिच्यावर अर्थ, त्याच अर्थाचे दुसरे शब्द, आणि कुणीतरी खरोखर उच्चारलेलं एक वाक्य लिहायचं. शिवाय बोलणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख. मनाने रचलेलं एक जरी वाक्य निघालं, तर सगळ्या चिठ्ठ्या रद्द!

बाई पेन्सिल घेऊन दारोदार फिरू लागल्या, तशी गावाची वाचाच बसली. ही बाई कचेरीनेच पाठवली असणार, अशी सगळ्यांची खात्री झाली. एका म्हातारीने तर तोंडावरच सांगितलं, "बाई, ती पेन्सिल आधी पिशवीत टाका. मग मला शब्द आठवायला लागतील."

बाई हसल्या. पेन्सिल काही त्यांनी टाकली नाही.

चिठ्ठ्या वाढल्या, म्हणून बाईंनी इद्रिसला पेटी करायला सांगितलं. चॅपलमधून, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरातून, टाकून दिलेल्या एका बाकाचं लाकूड त्याच्याकडे पडून होतं. मित्रांनो, त्याने मला एकही खिळा मारला नाही. लाकडाला दात पाडून, दातांत दात बसवून माझे कोपरे जुळवले. तेरा वर्षांची माईर, त्याची मुलगी, शेजारी बसून मला मेण चोळायची. मोरविद, म्हणजे तिची आई, चुलीपाशी उभी राहून टोमणे मारायची.

"एवढं काय गोंजारतोयस तिला? पेटी आहे ती, जावई नव्हे!"

"शब्द ठेवायचेत हिच्यात, मोरविद. बटाटे नाहीत."

"बटाटे असते तर बरं झालं असतं."

माईर इतकी हसली, की मेणाची वाटी उपडी झाली.

तीन दिवसांनी इद्रिसने मला बाईंच्या घरी पोचवलं. पिठाची पिशवी आणि खारवलेल्या मांसाचा तुकडा, ही त्याची मजुरी. दारातून वळताना तो म्हणाला, "फार झकास हॉबल दिलंत, बाई. खाण बंद झाल्यापासून इतका जीव लावून कशाला हातच लावला नव्हता."

बाईंचा चेहरा उजळला. या शब्दाला खरं वाक्य त्यांना तोवर कुठे मिळालं होतं? तो फाटकाबाहेर पडतो न पडतो, तोच त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. 'हॉबल : थोड्या दिवसांचं, न सांगता केलेलं काम.' खाली मदत, जमलं थोडंफार, जाऊन येणं हे सगळे भाऊबंद. त्याखाली इद्रिसचं वाक्य, त्याचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख. माझ्यात ठेवलेली ती पहिली चिठ्ठी. मला तेव्हा काय आनंद झाला होता! माझ्या जन्माची कहाणीच माझ्या पोटात होती. आज त्या आनंदाची मला लाज वाटते.

वसंतात चॅपलमध्ये गाण्याच्या आणि कवितांच्या स्पर्धा झाल्या. मागच्या खोलीत लोकरकाम आणि मुरंबे मांडले होते, त्यांच्याजवळ बाईंनी मला ठेवलं. झाकण उघडं, पहिली चिठ्ठी समोर. कुणाच्या तरी भाचीचं गाणं ऐकायला एक पाहुणे आले होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि विचारलं, "हा इद्रिस पेनरी कोण?"

"तो काय, तिसऱ्या बाकावर!" बाईंनी उघड्या दारातून कौतुकाने बोट दाखवलं. "काय हात आहे त्याचा, बघा ना!"

ते पाहुणे भत्त्याच्या खात्यात तपासनीस होते. बाईंना ठाऊक नव्हतं. गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात कचेरीत चौकशी बसली. मलाही नेलं आणि टेबलावर मांडलं. एका बाजूला इद्रिस टोपी हातात घेऊन उभा होता, दुसऱ्या बाजूला बाई. प्रश्न विचारायला हॅवर्ड होता, हेलिगचाच कारकून. वरिष्ठ शेजारीच बसलेले, त्यामुळे त्याचा आवाज कोरडा होता. पण त्याने बाईंपुढे पळवाट अगदी उघडून ठेवली.

"बाई, शब्दकोशात उदाहरणादाखल वाक्यं रचतात. रचतात ना? हेही असंच तुम्ही रचलेलं वाक्य असणार."

सगळी कचेरी बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. एक 'हो', बस. मला जीभ असती तर मीच ओरडले असते.

बाईंनी मान ताठ केली. "नाही. माझ्या पेटीत रचलेलं एकही वाक्य नाही."

हॅवर्डने डोळे मिटले.

त्याचा भत्ता बंद झाला. त्याला पुन्हा चोरून काम द्यायलाही लोक घाबरू लागले. गावात एकाच नावाची कितीतरी माणसं असायची, त्यामुळे माणसाला त्याच्या धंद्यावरून हाक मारायची तिथली रीत. 'सुतार इद्रिस'चा त्या उन्हाळ्यात 'पेटीवाला इद्रिस' झाला. शरद ऋतू लागला तेव्हा माईर चौदा वर्षांची झाली, आणि तिला लंडनला एका श्रीमंताच्या घरी मोलकरीण म्हणून पाठवलं. दर महिन्याला ती पैसे पाठवायची. आई वारली तेव्हाही मालकिणीने तिला घरी जाऊ दिलं नाही.

माईर गेली त्याच दिवशी बाई इद्रिसच्या दारात गेल्या. त्याने त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली. "शब्द विचारा हो खुशाल," तो म्हणाला. "माणसाचं नाव कशाला लिहून घ्यायचं?"

घरी येऊन बाईंनी कात्री घेतली. चारशेहून अधिक चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीतलं नाव त्यांनी कापून काढलं. दिवसभर त्या कापत होत्या आणि रडत होत्या. मग मला प्राध्यापकांकडे धाडलं, पण त्यांनी परत पाठवलं. नावाशिवाय शब्द ग्राह्य नाही, असं त्यांनी कळवलं. बाईंनी मला कपाटावर टाकलं आणि पुन्हा कधी कुणाला एक शब्द विचारला नाही. त्यांच्या मागे मी इथे आले.

मित्रांनो, मागच्या वर्षी एक म्हातारं जोडपं इथे आलं. नवरा म्हणाला, "माईर, ही पेटी बघितलीस का?" मी शहारले. तिने पहिली चिठ्ठी हातात घेतली आणि कापलेल्या नावाच्या जागी पडलेल्या भोकावरून बोट फिरवलं.

संग्रहालयातली मुलगी लगबगीने वही-पेन घेऊन आली. ती गोड मुलगी आहे, तिच्या मनात काही वाईट नाही. "आजी, 'हॉबल' हा शब्द अजून कुणी वापरतं का, ते आम्ही लिहून घेतोय. तुम्ही इकडच्याच का? तुमचं नाव काय?"

माईरने पेनाकडे पाहिलं.

"नाही गं पोरी," ती म्हणाली. "मी इकडची नाही. हा शब्द मी कधी ऐकलेला नाही."

तिने चिठ्ठी जागेवर ठेवली, माझं झाकण हलकेच लावलं आणि ती निघून गेली. मित्रांनो, कुणाला काही विचाराल, तर आधी बघा, उत्तर दिल्यावर त्या माणसाचं काय होणार आहे. मला तेवढंच मागायचं आहे.