दुसऱ्या खुर्चीसाठी रायफल

हरणांच्या शिकारीसाठी बांधलेल्या आमच्या मचाणात दोन खुर्च्या आहेत. एक डॅडची. दुसरी वर्षानुवर्षे रिकामी असे, आणि डॅड तिच्यावर कॉफीचा थर्मास ठेवत. यंदाच्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, डावा हात थरथरू लागला, आणि ती रिकामी खुर्ची एकाएकी साऱ्या घराच्या बोलण्यात आली.

शेजारी बसणाऱ्याकडे स्वतःची रायफल हवी, हा डॅडचा नियम. "माझी गोळी वाकडी गेली तर ते हरीण संपवणारा कोणीतरी हवा," ते म्हणत. "जखमी जनावर जंगलात सोडून मी घरी जेवायला येणार नाही."

डॅरिलकडे रायफल होती. डॅरिल म्हणजे माझ्या बहिणीचा, लॉर्नाचा नवरा. त्याची रायफल मुळात माझ्या आजोबांची. लग्नाच्या दिवशी डॅडनी ती त्याच्या हातात ठेवली तेव्हा मी चर्चच्या माडीवर ऑर्गन वाजवत होतो. माझी बोटे त्यासाठीच आहेत, असे घरातल्या सर्वांनी मला न विचारता ठरवून टाकले होते. वरून मला फक्त डॅरिलचा रुंद खांदा आणि त्यावर विसावलेला डॅडचा हात दिसला. त्यानंतर वाजवलेला एकही स्वर मला आठवत नाही.

म्हणून या नोव्हेंबरात, गावालगतच्या सरोवरावरून पहिले बर्फ येऊन गेल्यावर, मी ग्लेंडाच्या दुकानात गेलो आणि स्वतःसाठी रायफल मागितली. ग्लेंडाने मला लहानपणापासून पाहिले आहे. तिने चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिले आणि कागद पुढे सरकवला. मी तो भरला. माझ्या नावावर काही गुन्हा आहे का, या सरकारी तपासणीसाठी तिने माहिती पाठवली. मी भिंतीवरच्या शिंगांकडे पाहत उभा राहिलो आणि मनातल्या मनात त्या खुर्चीत बसूनही आलो.

"नाकारलंय, आर्नी," ग्लेंडा म्हणाली.

"काय?"

"तुझी तपासणी. का नाकारली ते मला सांगत नाहीत." तिने कागद स्वतःकडे ओढला आणि एका रिकाम्या चौकटीवर बोट ठेवले. "सोशल सिक्युरिटी नंबर का नाही लिहिलास?"

"आमच्या घरात कोणी लिहीत नाही. लिहिलाच पाहिजे असं थोडंच आहे."

"नाही ना. सरकारला नंबर द्यायचा नाही म्हणून इथला प्रत्येक माणूस ती चौकट रिकामी सोडतो, छाती फुगवून. आणि अर्ध्या तालुक्याचं आडनाव हौताला. कुठल्यातरी दुसऱ्या आर्नल्ड हौतालानं कुठेतरी कोणाचं तरी डोकं फोडलं असणार, आणि नंबर नसल्यामुळे तो तूच असं त्यांना वाटतंय." ती जरा थांबली. "तू कोणाचं डोकं फोडलं नाहीस ना?"

"मी ऑर्गन वाजवतो, ग्लेंडा."

"ते ऐकलंय मी. म्हणून विचारतेय."

मग तिने गंभीरपणे समजावले: अपील करायचे, बोटांचे ठसे पाठवायचे, आणि वाट पाहायची. काही आठवडे, कदाचित महिने. "आणि तोवर घरातल्या बंदुकीलाही हात लावू नकोस. निकाल लागेपर्यंत अजिबात नाही."

संध्याकाळी सॉनामध्ये, आमच्या वाफेच्या न्हाणीघरात, मी हे सांगितले. तापलेल्या दगडांवर डॅड उजव्या हाताने पाणी टाकत होते. वरच्या फळीवर, त्यांच्या शेजारी, डॅरिल बसला होता. मी खालच्या फळीवर होतो.

"चौकट रिकामी सोडलीस ते बरं केलंस," डॅड म्हणाले. "नंबर देऊन मोकळे होणारे पुष्कळ आहेत."

"पण डॅड, त्यामुळेच तर..."

"अपील कर. यंदा डॅरिल बसेल." आणि ते डॅरिलकडे वळून हसले. "घोरणार नाहीस ना रे?"

"घोरलो तर हरणंच येऊन मला उठवतील," डॅरिल म्हणाला. डॅड इतके हसले की त्यांना खोकला लागला. मी त्यांना असे कधीच हसवू शकलो नव्हतो. वाफेत मला दोघांचे चेहरे दिसत नव्हते, फक्त हसणे ऐकू येत होते, आणि त्यातला कोणता आवाज कोणाचा, हेही क्षणभर कळेना.

बाहेर अंगणात, अंगावरून वाफ निघत असताना, डॅरिल माझ्याजवळ आला. "अरे, एवढं तोंड पाडू नकोस. उद्या मी जातो ग्लेंडाकडे. रायफल माझ्या नावावर घेतो आणि तुझ्या हातात देतो. सोपं आहे."

सोपे होते. त्या कागदावर पहिलाच प्रश्न असतो की ही बंदूक तुम्ही खरोखर स्वतःसाठी घेत आहात का. खोटे उत्तर लिहिणे हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे, आणि शिक्षा झालेल्या माणसाला पुन्हा कधी बंदूक बाळगता येत नाही. डॅरिल असले प्रश्न न वाचता खुणा करतो. मी मात्र सारे वाचतो. माझ्या मनात एक स्वच्छ, थंड विचार उगवला: याने सही केली, की अधिकाऱ्यांना माझा एक फोन पुरे. आजोबांची रायफल परत येईल. खुर्ची रिकामी होईल.

"चालेल," मी म्हणालो.

त्या रात्री मला गाढ झोप लागली, याची मला आजही भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी ग्लेंडाच्या दुकानाबाहेर मी ट्रकमध्येच बसून राहणार होतो. पण काचेतून डॅरिल दिसत होता. तो एकेक रायफल खांद्याला लावून पाहत होता आणि प्रत्येक वेळी नकारार्थी मान हलवत होता. मला राहवले नाही. मी आत गेलो.

"ही तुला लांब पडते, डॅरिल," ग्लेंडा सांगत होती. "दस्ता बघ. चापापर्यंत तुझं बोट पोचतंय का? तुझे हात आखूड आहेत."

"मला लांबच आवडते," डॅरिल म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. त्याला खोटे बोलता येत नाही. कागद भरलेला होता, फक्त सही बाकी होती. पेन त्याच्या हातात होते.

ग्लेंडाने माझ्या लांब हातांकडे पाहिले. मग डॅरिलच्या. मग भरलेल्या कागदाकडे.

माझ्या हाताचे माप डॅरिलने कधी घेतले असेल? सॉनात, की जेवताना ब्रेडचे ताट पुढे करताना? मला नेमकी बसेल अशी रायफल तो शोधत होता. मला फक्त गप्प राहायचे होते, आणि गप्प राहणे ही माझी आयुष्यभराची कला.

"डॅरिल, पेन खाली ठेव," मी म्हणालो. "नको."

ग्लेंडाने कागद उचलून चार तुकडे केले. "मी काही पाहिलं नाही," ती म्हणाली. "पण यंदा तुम्हा दोघांनाही मी गोळीसुद्धा विकणार नाही. निघा."

ट्रकमध्ये डॅरिलने किल्ली लावली, पण फिरवली नाही. "तुझ्यासाठीच करत होतो ना."

"सही केली असतीस तर मी कळवणार होतो."

"कोणाला?"

"सरकारला."

त्याने समोर पाहिले. रस्त्यापलीकडे कोणीतरी गाडीच्या टपावर शिकारीचे सामान बांधत होते. "खुर्चीसाठी?"

"हो."

"मग आत कशाला आलास?"

त्याने किल्ली फिरवली. सारा रस्ता त्याने नेहमीसारखी शीळ घातली नाही, एवढेच.

डॅड अंगणात काठी टेकून उभे होते. "कुठे गेला होतात दोघं?"

मी तोंड उघडले, पण डॅरिल आधी बोलला. "आर्नीच्या अपिलाची चौकशी करायला. होईल म्हणतात, वेळ लागेल."

"मग खुर्ची तुझी."

"यंदापुरती," डॅरिल म्हणाला.

डॅडनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघे मचाणाच्या पायऱ्या पाहायला झाडीकडे निघाले. डॅडचा तोल गेला की डॅरिल नकळत कोपर पुढे करत होता. मी बर्फात उभा राहून त्यांच्याकडे पाहत होतो. खुर्ची आता मला फारशी आठवत नव्हती. त्याने उच्चारलेल्या 'यंदापुरती' या एका शब्दाचा मला हेवा वाटत होता. त्याच्या जागी मी असतो, तर तो माझ्या तोंडून निघाला नसता.