सातव्या घरची चिंधी

आमच्या चिंधूची उशी पाहून गल्लीतल्या नव्या बाया हमखास हसतात. एवढा पोट्टा, पहिलीत जाते, अन् झोपताना तेच गबाळं बगलेत घेते म्हणे. हसा बाप्पा, हसा. पण तिले हात लावायच्या आधी मले विचारा. ती उशी नाही, गोधडी हाये. मांडीवर मावेल एवढी गोधडी. घड्या घालून तिच्याच खिशात सारली का उशी होते. ती कशी झाली ते मी सांगते. त्यात माझा तोंडाळपणा लय हाये, अन् लोकायचे उपकार त्याहून गंज हायेत.

साठ सालचा हिवाळा. आम्ही पवनीकडचे, धानवाले. लोखंडाचा प्लांट बांधून राहिले म्हणून आमचे हे इकडं आले, खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागले, अन् सेक्टर सहात क्वार्टर भेटलं. क्वार्टर नवं, नळ नवा, पण माझी ओटी रिकामी. पहिलं लेकरू बारा दिवसांचं होऊन गेलं, दुसरं दीड महिन्याचं. दोन्ही पोरं. तिसऱ्यांदा दिवस गेले तं मी हसो पण नाही अन् रडो पण नाही. कोणी विचारलं का 'पाहू' म्हणो.

माझी सासू ठकूबाई गावीच होती. तिनं गावच्या पंजाबरावासंगं निरोप धाडला. सात घरच्या चिंध्या मागायच्या. घर लेकराबाळायचं पाहिजे, कपडा अंगावर वापरलेला पाहिजे, पदर पसरून मागायचा, अन् कशाले पाहिजे ते सांगायचं नाही. त्या चिंध्यायची गोधडी शिवायची. सव्वा महिना लेकरू तिच्यातच ठेवायचं, कोरं कापड अंगाले लागू द्यायचं नाही. पोरगा झाला तं नाव चिंधू. मागितलेल्या चिंध्यातल्या लेकरावर कोणाची नजर जात नाही, यमाचीही नाही, असं आमच्याकडं मानतात.

आता मी कशी? मीठ सरलं तं अळणी खाईन, पण वाटी घेऊन शेजारी जाणार नाही. अन् इथं तं शेजारी सारा मुलूख! कोणी बंगाली, कोणी तेलगू, कोणी पंजाबी. चिंध्या मागायच्या म्हणजे मले मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. पण दोन लेकरं मातीत ठेवलेली बाई अकड घेऊन किती दिवस बसंन? गेली.

पहिलं दार समोरच्या सरदारनीबाईचं. तिचा नवरा प्लांटात क्रेन चालवे. तिच्या अंगणात सदा पोट्ट्यायचा कल्ला, दहा-बारा जण खाटेवर उड्या मारत, ती त्यायले गूळ-शेंगदाणे देई. म्या म्हटलं, लेकरायचं घर म्हणजे हेच. पदर पसरला अन् मोडक्यातोडक्या हिंदीत म्हटलं, "बहनजी, पुराना कपडा दो. पहना हुआ. बच्चे के वास्ते."

ती माझ्या पोटाकडं पाहतच राहिली. मंग आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. लय वेळ लागला तिले. बाहेर आली तं हातात पिवळंजर्द कोरं कापड! खळ तशीच, काठावर मिलचा शिक्का तसाच.

"नहीं, पुराना," म्या म्हटलं.

"यही ले जा, मथरा," ती म्हणे. माझं नाव मथुरा, ती मथरा करे. अन् तोंड फिरवलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मले भिकारीण समजली ही! नवरा क्रेनवर बसते म्हणून एवढा तोरा? फेकूनच देणार होती, पण पसरलेला पदर रिकामा मागं घ्यायचा नसते. घेतलं अन् पेटीच्या तळाशी कोंबलं. त्या दिवसापासून माझं तिच्याशी बोलणं बंद. ती हसली का मी नळाकडं पाहो.

बाकी घरं बरी निघाली. बंगाली बाईनं आख्खी जुनी साडीच दिली, इतकी मऊ का हातात ठरेना. तेलगू बाईनं नवऱ्याच्या लुंगीचा तुकडा दिला अन् दार लावून खी खी हसली. बिसाहिन आमची दूधवाली, छत्तीसगढी. तिनं तं काही विचारलंच नाही. "ले नोनी, जुन्ना लुगरा हे," म्हणे, ले पोरी, जुनं लुगडं हाये, अन् माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बिसाहिन म्हणजे विकत घेतलेली. तिच्याही मायचे लेकरं वाचत नव्हते, म्हणून तिले शेजारणीले कोंड्याच्या मोलानं विकली अन् परत घेतली. तिले काय सांगाव लागते? अजून दोन घरचे तुकडे भेटले, अन् सहावी रुक्मा. रुक्माचा नवरा रेल्वेत गार्ड, माणसं नागपूरकडची, जवळच्या दुर्ग शहरात राहत. पोरीचं झबलं घेऊन ती स्वतःच आली.

तिच्यापाशी म्या सरदारनीचं गाऱ्हाणं केलं. रुक्मानं कपाळाले हात लावला.

"अवं बाई, तू तिथं कावून गेली? तिले लेकरू कुठं हाये? ते सारे गल्लीतले पोट्टे. तिची कूस उजवलीच नाही."

माय वो! कोरं कापड अन् तेही निपुत्रिक घरचं. बरं झालं गोधडीत लावलं नाही, असं म्या म्हटलं. म्हटलं बापा, खोटं कशाले बोलू?

सहा घरच्या चिंध्या जोडल्या. बंगाली साडीचे थर आत, बाकी तुकडे वर, अन् काठापासून आत-आत धावदोरा घालत गेली. दोन हात लांब, दोन हात रुंद. सातवं घर पाहूनच राहिली होती, तं लेकरानं घाई केली.

सकाळची पाळी होती, हे सहाच्या भोंग्याले गेलेले. बिसाहिन दूध घालायले आली तं मी जमिनीवर. तिनं समोरच्या दारावर थाप मारली अन् नर्सले आणायले पळाली. नर्स येईपर्यंत कोण थांबते? सरदारनी आत आली अन् लेकरू तिच्याच हातात आलं.

रडलं नाही.

मी पडल्या-पडल्या पाहून राहिली. पोरगा निळाकाळा. मले वाटलं, झालं, हाही गेला. पण त्या बाईनं काय केलं? पहिलं आधी अंगावरची हिरवी ओढणी काढून खुंटीले टांगली. मंग मांडीवर माझी गोधडी पसरली, लेकरू गोधडीवर घेतलं. नाकातोंडातलं पुसलं, तळपायाले चापट्या मारल्या, पाठ चोळली, तोंडात हळू हळू फुंकर घातली. माझ्या मनात तेव्हाही किडा, पाहा! म्या म्हटलं, लेकरू चाललं अन् ही ओढणी खराब होईल म्हणून जपून राहिली.

अन् पोट्टा रडला. असा भोकाड पसरला का बिसाहिनले म्हणे रस्त्यावर ऐकू आला. सरदारनी त्याले मांडीवर घेऊन डुलत होती अन् तिच्या डोळ्याले धार लागली होती. नर्स आली, पाहिलं, म्हणे बाळ ठीक हाये. सरदारनीनं ओढणी घेतली अन् गेली.

गेली ते पुन्हा आलीच नाही. पोट्ट्यायसंगं पंजिरीचा डबा धाडे, शेगडीसाठी कोळसे धाडे, पण स्वतः दारातूनच 'कैसा है' विचारून मागं फिरे. मी आपली बाळंतिणीच्या खाटेवर विचार करत. ज्या बाईनं माझ्या लेकरात जीव फुंकला, तिचं कापड म्या पेटीच्या तळाशी कोंबलं. माझंच मले तोंड दाखवाव वाटेना. पण करावं काय? कोरं लेकराच्या अंगाले लावता येईना, अन् परत देणं म्हणजे तिच्या तोंडावर फेकणं.

तेवढ्यात ह्यायनं डब्याची पिशवी धुतली अन् उलटी करून दोरीवर टाकली. आतली बाजू बाहेर, बाहेरची आत. मले हसूच आलं. सुचलं ना!

म्या तिच्या पिवळ्या कापडाले बिसाहिनच्या लुगऱ्याचं अस्तर लावलं अन् गोधडीच्या पाठीवर मधोमध, वरच्या काठाशी खिसा शिवला. पिवळं आत तोंड करून, लुगरं वर. गोधडी अंथरली का कोरं कापड कोणाले दिसत नाही, लेकराले लागत नाही. अन् सव्वा महिना झाला का काय करायचं? खिसा उलटा करायचा, गोधडीच्या तीन घड्या उभ्या, तीन आडव्या, अन् सारायची आत. साऱ्या चिंध्या पोटात जातात अन् पिवळंजर्द कापड बाहेर येते. उशी! ज्या दिवशी लेकराचा घात टळंन, त्या दिवशी तिचं कापड वर येईन, असं म्या ठरवलं.

सव्वा महिन्याले सासू आली. पोरगा मांडीवर घेतला, गोधडी उलटीपालटी केली, अन् बोटानं मोजलं.

"सहाच?"

"सहाच, आत्याबाई. अन् हे खिशाचं एक." म्या खिशात बोट घालून पिवळं दाखवलं. सारं खरं सांगितलं, सरदारनीले लेकरू नाही तेही सांगितलं.

"डोकं चालवलं खरं," ती म्हणे, "पण हे घर धरायचं नाही, मथुरे. दोन नातू म्या माझ्या हातानं मातीत ठेवले. आता मी काही ऐकणार नाही. सातवी चिंधी आण, मंगच नाव ठेवू."

"आणते. पण सरदारनी आल्याबिगर नाव ठेवायचं नाही, हे माझं पण ऐकून घ्या."

मी तरातरा समोर गेली. सरदारनी कणीक मळत होती. चल म्हटलं, नाव ठेवायचं हाये. ती मान हलवे. "मैं नहीं आती ऐसे काम में. तू जा." मले राग आला. म्या म्हटलं, अजून काय झालं? कोरं दिलं तेव्हा म्या तोंड वाकडं केलं, त्याचा राग धरला का?

तिचा कणकेतला हात थांबला.

"तुझे क्या लगा, मैं समझी नहीं थी? हमारे पिंड में, गाँव में भी माँगते हैं. सात घर से, बच्चेवालों से. तू गलत दरवाज़े आ गई थी, मथरा. अपने तन का उतरा कैसे देती तेरे बच्चे को? खाली हाथ भी कैसे भेजती? सारी ट्रंक देखी. एक वही था जो मैंने कभी ओढ़ा नहीं था."

मी दारातच बसली. ते कोरं कापड, ते फिरवलेलं तोंड, ती खुंटीवरची ओढणी. बाई माझ्या लेकराले स्वतःपासूनच जपत होती. अन् मी? मी तिले तोऱ्याची म्हणत होती. आग लागो माझ्या तोंडाले!

मागं सासू उभी होती. उशीर काहून झाला म्हणून लेकराले गोधडीत घेऊन आली होती. तिले हिंदी येत नाही. "काय म्हणते वो ही?" म्या रडत-रडत शब्दान् शब्द सांगितला.

मी उठली अन् सरदारनीपुढं पदर पसरला. "आता पुराना दो. पहना हुआ. तुमच्या अंगावरची ओढणी, तिचाच तुकडा पाहिजे."

ती मागं सरकली. नाही-नाही म्हणे, अन् सासूकडं पाहे. मीही सासूकडं पाहिलं. त्या म्हातारीनं जन्मभर एक नेम मोडला नव्हता, अन् तिच्या हातात तिचा तिसरा नातू होता. ती पुढं आली. वाकली, अन् गोधडीसकट लेकरू सरदारनीच्या मांडीवर ठेवलं. ओढणी खुंटीवर नव्हती, अंगावर होती. मंग माझ्या बाजूले उभी राहून आत्याबाईनं आपलाही पदर पसरला.

"दे वो बाई. सातवं घर तुझंच."

सरदारनीले मराठी कुठं येते? पण समजलं. कणकेच्या हातानं तिनं ओढणीचा काठ दातात धरला अन् टर्रकन फाडला. पोट्ट्याच्या ओठाले कणीक लागली, ती त्यानं चाटली पण.

तो तुकडा म्या तिथंच शिवला, तिच्या खाटेवर बसून. नाव सरदारनीनंच कानात सांगितलं. चिंधू म्हणताना तिची जीभ अडकली, 'छिंदू' झालं, अन् आम्ही तिघी हसत-रडत बसलो. मंग खिसा उलटा केला, घड्या घातल्या, अन् पिवळी उशी चिंधूच्या डोक्याखाली ठेवली.

सासूले जाऊन आता दोन वर्सं झाली. ह्या गल्लीचे उपकार मी फेडू शकत नाही, अन् फेडायचेही नाहीत, ते राहू द्यायचे. रोज दिवा लावताना मी सात घरांची नावं घेते, अन् सातवं घर सगळ्यात आधी घेते. चिंधूले ताप आला का तो उशी उलगडते, गोधडी अंगावर ओढते, अन् हिरवा तुकडा चाचपून गालाखाली घेते. मंग मले म्हणते, "माय, समोरच्या मायले बलाव."