बापानं सांगितलेली चाल

मी कोल्बी श्रागचं हेल्मेट बोलतोय. तांबडा रंग, दोन्ही कानशिलांवर पांढरा हातोडा आणि मागच्या बाजूला नखाएवढा हिरवा ठिपका. त्या ठिपक्यानं मला मोठेपण दिलं आणि त्यानंच माझी वाट लावली. आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन चढाईला अकरा जण उतरतात, पण असा ठिपका एकाच्याच, चेंडू फेकणाऱ्या पोराच्या, डोक्यावर असतो. माझ्या आत, कानापाशी, छोटा स्पीकर बसवलेला आहे. प्रत्येक चाल सुरू होण्याआधी कोचचा आवाज त्यातून येतो. येतो फक्त, जात नाही. आत पोरगं काय पुटपुटतं ते ऐकायला मी एकटाच.

कारखान्यात साच्यातून बाहेर पडलो तेव्हा मला वाटलं, आता कुणीतरी कौतुकानं पुसून ठेवील. कसलं काय! नेलं आणि लोखंडी ऐरणीवर आपटलं. फिरवून पुन्हा आपटलं. फुटलो नाही म्हणून पास झालो. मग पाठीवर एक पट्टी चिकटवली: कुठलंही हेल्मेट डोक्याची किंवा मानेची इजा पूर्णपणे टाळू शकत नाही. इतकं स्पष्ट लिहिलंय, पण आजवर एकाही माणसानं ती पट्टी वाचलेली मी पाहिलेली नाही.

तिथून आलो ते कॅन्ससमधल्या टॅल्बट फोर्क गावात. कॉलेजच्या संघाचं नाव ‘लोहार’. गाव एवढंसं, पण शनिवारी मैदानावर गावापेक्षा जास्त माणसं. कोल्बीनं मला पहिल्यांदा डोक्यावर चढवलं तेव्हा त्याचे कान लाल झाले, इतका मी घट्ट बसलो. मला तो आवडला. सगळी पोरं हेल्मेटं जमिनीवर फेकतात, हा मला मांडीवर घेऊन बसायचा.

चढाईची प्रत्येक चाल ठरवायचे ते कोल्बीचे वडील, ड्वाइट श्राग. मैदानावर कोल्बी त्यांना ‘कोच’ म्हणायचा, अहो-जाहो करायचा. घरी ‘डॅड’ आणि अरे-तुरे. दोघांनी ते कसोशीनं पाळलं होतं. ड्वाइट बसायचे वर, प्रेक्षकांच्याही डोक्यावरच्या काचेच्या खोलीत. तिथून सगळं मैदान तळहातासारखं दिसतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फक्त त्या कळपात एक शेळी त्यांची स्वतःची होती.

त्यांच्या चालींबद्दल मला विचाराल तर मी खरं ते सांगेन, मला कुणाची भीड नाही. त्यांची चढाई कंटाळवाणी होती आणि चांगली होती. चेंडू बोगनच्या पोटात द्यायचा. हा बोगन म्हणजे काळ्या मांजरासारखा चपळ, बैलासारखा भरलेला पोरगा. तो तीन यार्ड घुसायचा. पुन्हा तीन यार्ड. समोरचे वैतागून पुढं सरकले की मग एकदाच कोल्बी चेंडू लांब फेकायचा. आणि फेकायच्या वेळी बोगन कुठं असायचा? कोल्बीच्या बाजूला, राखण करत. अंगावर येणाऱ्याला तो छातीवर घ्यायचा. त्यामुळे माझ्यावर फारसे ओरखडे नव्हते.

पण ओळीनं दोन सामने हातचे गेले आणि गावाला कंठ फुटला. सामानाच्या खोलीत रेडिओ दिवसभर चालू असतो. लोक फोन करतात आणि निकाल देतात. ज्यांनी जन्मात कुणाला धडक दिली नाही ते सांगतात धडक कशी द्यावी.

“श्राग पोराला कापसात गुंडाळून ठेवतोय,” एक जण म्हणाला.

“दुसऱ्याचा पोरगा असता तर फेकायला लावलं असतं की नाही? तुम्हीच सांगा,” दुसरा म्हणाला.

व्हर्न केन नावाचा म्हातारा आमच्या बाकाच्या मागच्याच रांगेत बसायचा. बी-बियाण्याच्या दुकानाची टोपी आणि तोंडाला लगाम नाही. ड्वाइट मैदानातून जिन्याकडं जायला लागले की हा ओरडायचा, “अरे ड्वाइट, पोराला दूध पाजलंस का? झोपेची वेळ झाली बघ त्याची!” आजूबाजूचे खो खो हसायचे. ड्वाइट मान खाली घालून जिना चढायचे. कोल्बीच्या जबड्याचा स्नायू उडायला लागायचा, तो मला आतून कळायचा.

त्या आठवड्यात सरावानंतर कोल्बी मला काखेत धरून वडिलांसमोर उभा राहिला.

“कोच, बोगनला माझ्याजवळ ठेवू नका. त्यालाही पुढं पळू द्या. मला एकट्याला राहू द्या.”

“शनिवारी ऑटर क्रीकविरुद्ध? त्यांचा चव्वेचाळीस नंबर पाहिलायस का?”

“पाहिलाय. पण केस कापायला गेलो तर न्हावीसुद्धा मला विचारतो, डॅडींनी सोडलं का बाहेर? मला लाज वाटते, कोच. तुमचीही वाटते.”

 ड्वाइटही ह्याच मैदानावर खेळलेले, एक गुडघा अजून वाकत नाही त्यांचा. मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “ठीक आहे. दाखवू त्यांना.” बापानं पोराचं ऐकलं की गावाचं, हे मला आजही सांगता येणार नाही.

बोगन जवळ न थांबता पुढं पळायचा त्या मांडणीला आमची पोरं ‘रिकामं घर’ म्हणायची. घरात राखणीला कुणी नाही, म्हणून रिकामं.

शनिवारी दुपारी पहिल्याच चालीला कानात आवाज आला, “रिकामं घर. डावीकडून. लांब.” कोल्बीनं फेकलं. टचडाउन, एकदम सहा गुण! मैदान उठून उभं राहिलं. व्हर्न केन टोपी हवेत उडवून नाचला. “ह्याला म्हणतात श्राग! आता कसं!” तो आवाज वरच्या काचेपर्यंत गेला असणार. दारूची चटक एकदा लागली की सुटते कुठं? पुन्हा रिकामं घर. पुन्हा रिकामं घर.

मग चव्वेचाळीस नंबरला वाट सापडली.

पहिली धडक मला डाव्या कानावर बसली. त्याचं हेल्मेट माझ्या कवचावर फुटाण्यासारखं तडतडलं आणि आम्ही दोघं, मी आणि कोल्बीचं डोकं, गवतावर आपटलो. लोकांना वाटतं हेल्मेटमुळे डोकं सुरक्षित असतं. अहो, मी बाहेरून कवटीला धरू शकतो, कवटीच्या आत मेंदू हलतो त्याला मी काय करू? तो पुढं जाऊन आदळला, मग मागं. मला आतून जाणवलं ते. कोल्बी खोकला, तोंडातलं रक्त थुंकला आणि उठला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

“उठलास? शाब्बास,” कानात आवाज आला. “रिकामं घर, उजवीकडून.”

दुसरी धडक हनुवटीखालून. माझ्या तोंडावरची जाळी वाकली आणि तिची सळई कोल्बीच्या नाकावर बसली. नाक मोडल्याचा आवाज मी इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. माझ्या आतली गादी रक्तानं भिजली, चिकट झाली. तिसऱ्या वेळी दोघांनी मिळून धरला. एकानं पाय, चव्वेचाळीसनं मान. माझा पट्टा ताणला गेला, कोल्बीच्या तोंडून हवा निघून गेली आणि वरून आणखी कुणीतरी गुडघ्यावर येऊन पडलं. खालच्या ढिगाऱ्यात चव्वेचाळीस त्याला म्हणाला, “घरी जा रे बाळा, तुझा बाप तुला विकतोय.”  बोटं गवतात रुतवून कोल्बी उठला.

बोगन पळत आला. “मी थांबतो तुझ्याजवळ. मारू दे कोचला हाका.”

“चाल सांगितली ती खेळायची,” कोल्बी म्हणाला.

कानात ड्वाइट म्हणाले, “कोल्बी...” आणि थांबले. मला वाटलं, आता शहाणपण सुचलं. खाली व्हर्न केनच्या रांगेतून आरोळी आली, “फेक! फेक! फेक!” सगळं मैदान तिच्यात मिसळलं. “रिकामं घर,” ड्वाइट म्हणाले. 

त्या धडकेनंतर कोल्बी आपण होऊन उठला आणि ऑटर क्रीकच्या बाकाकडं चालायला लागला. त्यांची पोरं हसली. कानात ड्वाइट पुढची चाल सांगत होते आणि कोल्बी माझ्या आत हळू म्हणत होता, “हो डॅड. येतोय डॅड. चप्पल सापडत नाहीये.” मैदानावर त्यानं त्यांना कधी डॅड म्हटलं नव्हतं. माझ्याशिवाय ते कुणालाही ऐकू गेलं नाही. त्या वेळी मला जीभ नाही ह्याचा मला पहिल्यांदा संताप आला.

पण मॅरिबेल ओर्नेलासचं लक्ष होतं. मॅरिबेल म्हणजे संघाच्या दुखापती बघणारी बाई. ती धावत गेली, कोल्बीला दंडाला धरून आणलं आणि विचारलं, “समोर कोण आहे?” त्याला सांगता येईना. तिनं सरळ पट्टा सोडून मला त्याच्या डोक्यावरून काढलं. आमच्यात अशीच रीत आहे. पोरगं ‘मी बरा आहे’ म्हणणारच, म्हणून त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याचं हेल्मेट काढून न्यायचं. हेल्मेट नाही तर खेळ नाही.

मोठा कोच लाँगेनेकर तिच्या अंगावर आला. “सामना चार गुणांच्या फरकावर आलाय, मॅरिबेल!”

“असेना. हा आज खेळणार नाही,” ती म्हणाली. मला तिनं औषधांच्या पेटीत घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

पेटीत अंधार होता. पण माझा स्पीकर चालूच. ड्वाइट आता बदली खेळाडूला, जेलनला, चाली सांगत होते. “बोगनला दे. पुन्हा बोगनला दे.” जुनी, कंटाळवाणी, शहाणी चढाई. तीन यार्ड, तीन यार्ड, आणि आम्ही पार गोलरेषेच्या तोंडाशी. मला त्या माणसाची चीड आली. हे सगळं येत होतं की तुम्हाला!

एवढ्यात धडकेत जेलनचं हेल्मेट निघून उडालं. आता नियम असा आहे की ज्याचं हेल्मेट निघालं त्यानं एक चाल बाहेर बसायचं. टाइमआउट घेऊन, म्हणजे खेळ थांबवून, ते टाळता येतं, पण आमचे टाइमआउट केव्हाच संपले होते. आणि त्या जागेचा तिसरा खेळाडू आठवडाभर पाय प्लॅस्टरमध्ये घालून बसलेला. बाकावर सगळे एकमेकांवर ओरडायला लागले.

मॅरिबेलनं मला कुलपात ठेवलं, पण कोल्बीचं एक जादा हेल्मेट सामानाच्या पेटाऱ्यात असतं. तेच रंगरूप, तोच हिरवा ठिपका, तोच आवाज. जाळी तुटली तर लागेल म्हणून ठेवलेलं. ते काढून घ्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मॅरिबेलची किंकाळी मी पेटीतून ऐकली, “अरे धरा त्याला! कोल्बी!” आणि त्यावर प्रेक्षकांचा जल्लोष. ते चढवून कोल्बीचा अकरा नंबर मैदानात धावत परत येतोय म्हटल्यावर त्यांना काय, उधाणच आलं.

काचेतून ड्वाइटनीही पाहिलं असणार. माझ्या स्पीकरमधून आवाज आला, “कोल्बी? कोल्बी, ऐक—”

टक.

चाल सुरू व्हायच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की आमचा आवाज आपोआप तोडतात. सगळ्यांनाच तसा नियम. पुढं ते काय बोलले ते मलाही ऐकू आलं नाही.

मी धडक पाहिली नाही. ऐकली. आधी जल्लोष, मग एकच आवाज, सुकलेली फांदी मोडावी तसा, आणि मग मैदानभर कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. बोगननं नंतर सामानाच्या खोलीत सांगितलं. बोगन जवळ थांबला होता. कोल्बीनं त्याला हातानं ढकलून पुढं पाठवला. घर रिकामं केलं आणि चेंडू धरून नुसता उभा राहिला. चव्वेचाळीस पूर्ण वेगानं आला. धडक दिल्यावर तोच पहिल्यांदा गुडघ्यावर बसून डॉक्टरांना हाका मारत होता.

कोल्बीची कवटी उघडून आतलं साकळलेलं रक्त काढलं. पोरगा जगला. उजवा हात उठत नाही, शब्द शोधावे लागतात.

गावानं निकाल द्यायला वेळ लावला नाही. रेडिओवर म्हणाले, बापानंच आत पाठवला. म्हणाले, शेवटीही फेकायलाच सांगितलं. ड्वाइटनी नोकरी सोडली आणि एका शब्दानं खुलासा केला नाही. एके दिवशी व्हर्न केन दारात आला, हातात चिकन-नूडल्सचं झाकलेलं भांडं. टोपी काढून उभा राहिला, ओठ हलले, भांडं पायरीवर ठेवून गेला. रेडिओवर आता नव्या कोचचा विषय आहे. तो फार घाबरट चाली सांगतो म्हणतात.

मॅरिबेल मला श्रागांच्या घरी पोचवून गेली. इथं स्वयंपाकघरात फ्रिजवर माझी जागा आहे. गादीतलं रक्त वाळून काळं झालंय. बाबांनो, तुम्हीही कुठल्यातरी मैदानावर जात असाल, चाल चुकली म्हणून ओरडत असाल. ओरडा, तुमचे पैसे आहेत. पण ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि तुमचा आवाज काचेच्या पलीकडं जातो एवढं ध्यानात ठेवा.

आज सकाळी ड्वाइट कोल्बीला अंडं भरवत होते. कोल्बीनं चमचा डाव्या हातानं बाजूला सारला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला.

“डॅड. शेवटची चाल... तू कुठली सांगितलीस?”

ड्वाइटनी ताटली खाली ठेवली. “चाल नव्हती. म्हणालो, बाहेर ये. सगळा सामना गेला खड्ड्यात, बाहेर ये. मी ओरडत होतो, कोल्बी. तुला ऐकू येत नाही हे माहीत असून ओरडत होतो.”

कोल्बीनं डाव्या हातानं तोंड पुसलं.

“ऐकू आलं असतं,” तो म्हणाला, “तरी आलो नसतो.”

ड्वाइटनी मान हलवली. मग चमचा उचलला आणि त्याच्या तोंडाजवळ नेला.