तीसवर ठेवलेला एसी

"ऑगस्टमध्ये आलं असतं तर मी चकार शब्द काढला नसता," बाथरूमच्या बंद दारामागून प्रज्योतचा आवाज आला, तोंडात ब्रश असल्यामुळे अर्धवट फेसाळलेला. "पण जानेवारीत? बहरैनमध्ये जानेवारीत कुणाचं लाइटबिल चढतं का? आपण घर तापवून राहिलो की समुद्र?"

ज्योत्स्ना स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. बाथरूम आणि स्वयंपाकघर यांच्यात एक भिंत, तीही नावाला. ही कुरकुर कुणाला उद्देशून नव्हती, म्हणजे सगळ्यांनाच होती. नवऱ्याची ही जुनी पद्धत. पत्ता न लिहिता पत्र टाकायचं, तरी बरोबर त्या दारी पोचतं.

पोचलंच. पॅसेजच्या टोकाला, बंद खोलीत, केशवराव खाकरले.

"इट्स नॉट मी, ओके?" श्रावस्ती दप्तर खांद्याला अडकवत म्हणाली. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. "आय स्विच ऑफ एव्हरीथिंग. आस्क आजोबा."

"गप. डबा घे आणि पळ, यल्ला."

आजोबांना विचार म्हणे. विचारायला सगळ्यांनाच हवं होतं. विचारत कुणी नव्हतं.

हे घर सगळं विजेवरचं. जुन्या फ्लॅटमध्ये गॅसचा सिलिंडर होता, तो खांद्यावर घेऊन जिना चढणारा माणूस होता. नव्या बिल्डिंगीत लिफ्ट आली आणि सिलिंडर गेला. भाड्यात वीज-पाणी धरलेलं आहे, हे एजंटने मोठ्याने सांगितलं होतं. ठरावीक मर्यादेच्या वरचं भाडेकरूने भरायचं, हे त्याने चावी हातात देताना, लिफ्टकडे बघत सांगितलं.

उन्हाळ्याचं इथे ठरलेलं असतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उकळतं, म्हणून गीझर बंद ठेवायचा आणि त्यात निवलेलं पाणी गरम पाण्याच्या नळाने घ्यायचं. नव्याने आलेला माणूस एकदा हात भाजून घेतो आणि शिकतो. हिवाळ्याचं मात्र काहीच कुणी शिकवत नाही. हिवाळा इन मीन दोन महिन्यांचा, पण ओला. समुद्रावरून वारा सुटला की खिडकीच्या फटींतून शीळ घालत आत येतो, फरशी पायाला चावते. घरं बांधणाऱ्यांनी फक्त उन्हाचा विचार केलेला. नागपूरची थंडी याच्या दुप्पट, पण तिथे सकाळी अंगणात चार काड्या पेटवता येतात, दुपारी गच्चीवर पाठ शेकता येते. या घरात आग नावाची वस्तूच नव्हती. बुद्धवंदनेची मेणबत्ती तेवढी, आणि ती आटोपल्यावर विझवायची.

"पोळी भाजून राह्यली का इस्त्री करून राह्यली?" पुष्पलताबाईंनी आल्या आल्या विचारलं होतं. विजेच्या शेगडीवर पोळी फुगेना, म्हणून ज्योत्स्ना ती फडक्याने दाबत होती. दोघी सासवा-सुना इतक्या हसल्या की पोळी करपली.

ती मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सासू-सासरे दोघं दिवाळीनंतर आले होते. येताना पुष्पलताबाईंनी लाखोळी डाळ आणली, सांडगे आणले, लोकरीची शाल मात्र नागपूरलाच ठेवली. वाळवंटात शाल कशाला, असं प्रज्योतनेच फोनवर सांगितलं होतं.

ज्योत्स्नाने शेवटची पोळी डब्यात टाकली आणि सासऱ्यांचा चहा घेऊन त्यांच्या खोलीकडे गेली. दार ढकललं तसा गरम हवेचा लोट तोंडावर आला. विजेचा हीटर, जो खालच्या मजल्यावरच्या आमिनाने 'चाचांना असूदे, आमच्याकडे दोन आहेत' म्हणत दिला होता, तो पूर्ण जोरावर चालू होता. आणि केशवराव खिडकी वीतभर उघडून, नुसत्या बनियनवर, तिच्याजवळच्या खुर्चीत बसले होते. कपाळावर घाम. हीटरचं तोंड त्यांच्याकडे नव्हतंच. ते रिकाम्या पलंगाकडे होतं, पायथ्याशी. पलंगावर धुतलेली चादर, उशी आणि घडी घातलेलं पांघरूण.

"बाबा, चहा."

"ठेव बेटा." त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. "मी बंद करनारच होतो."

"राहू द्या," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

पॅसेजमध्ये ती भिंतीला टेकून जरा उभी राहिली. तर हे असं होतं. म्हाताऱ्याला थंडी वाजत नव्हतीच.

तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एकातून दुसरं निघालं असतं, आणि ते दुसरं या घरात कुणालाच नको होतं. मागच्या हिवाळ्यात, डिसेंबरात पुष्पलताबाई म्हणाल्या होत्या, "बाबू, पाय गारठतात रे." प्रज्योत अस्करच्या साइटवरून दमून आला होता. त्याचा धंदाच एसीचा. तुबलीतल्या ऑफिसात बसून कुठल्या इमारतीला कुठला एसी लागेल ते तोच ठरवायचा. कुठला नुसता गार करतो आणि कुठला गरमही करतो, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. त्याने रिमोट उचलला, एसी तीसवर नेला आणि म्हणाला, "हे बघ, आता गरम हवा येईल. जुम्म्याला सुट्टी आहे, हीटरही आणतो."

तो एसी नुसता गार करणाऱ्यांपैकी होता. तीसवर त्यातून फक्त वारा यायचा, खोलीत होता तेवढाच थंड. ज्योत्स्ना दारात उभी होती. तिलाही हे माहीत होतं. इतक्या वर्षांत गल्फच्या बायकांना एवढं कळतं. पुष्पलताबाईंनी हात वर करून एसीखाली धरला, मुलाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "येते, येते. गरम येते."

मग हिवाळ्याचं पहिलं बिल आलं आणि हीटर पुढच्या जुम्म्यावर गेला. पुढच्या जुम्म्याला प्रज्योतची ड्यूटी लागली. आमिनाने त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये विचारलं होतं, "भाभी, हीटर देऊ का आईंना?" आणि ज्योत्स्ना म्हणाली होती, "अगं नको, एसी आहे ना." का म्हणाली होती? शेजारणीपुढे नवऱ्याचा खोटेपणा नको, म्हणून. एवढंच कारण. आता ते कारण तिला कुठे ठेवावं कळत नव्हतं.

पुढे छातीत कफ झाला, सलमानिया हॉस्पिटलात नेलं, आणि पुष्पलताबाई घरी परत आल्या त्या नागपूरच्या घरी, लाकडी पेटीतून. डॉक्टर म्हणाले होते, हृदय आधीपासूनच थकलेलं होतं. तेच खरं असणार. सगळे एकमेकांना तेच सांगत. 'वय झालं होतं' हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं गेलं की ते गुळगुळीत झालं. सगळं आटोपून केशवराव मुला-सुनेबरोबर इथे परत आले, कारण तिकडे घर एकट्याला फार मोठं होतं. या वर्षी थंडी पडली, आमिनाने हीटर दिला, आणि त्यांनी तो पलंगाच्या पायथ्याशी लावला.

ज्योत्स्नाने मग चोरून काटकसर सुरू केली. गीझर आंघोळीपुरता लावायचा, लगेच बंद. वरण, भात आणि भाजी एकाच कुकरमध्ये. इस्त्री बंद; प्रज्योत चुरगळलेला शर्ट घालून ऑफिसला निघाला तेव्हा म्हणाला, "हे काय नवीन?" ती म्हणाली, "फॅशन." हॉलमध्ये तीच दोन स्वेटर घालून फिरायची. बिल त्या मर्यादेखाली आलं असतं, तर त्या खोलीचं दार कुणी उघडलं नसतं. तिला एवढंच साधायचं होतं. म्हातारा माणूस या घरात राहावा. बिलावरून बोलणं निघालं तर तो दुसऱ्या दिवशी नागपूरच्या त्या मोठ्या घरात असेल, हे तिला पक्कं माहीत होतं.

बिल खाली आलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी प्रज्योतने मोबाइलवर ते बघितलं आणि फोन सोफ्यावर पालथा ठेवला. "हीटरमध्येच फॉल्ट आहे. उद्या दुकानात नेऊन तपासतो."

"उद्या?" ज्योत्स्ना म्हणाली.

उद्या काय होतं, ते घरात सगळ्यांनाच माहीत होतं. पुष्पलताबाईंना जाऊन वर्ष होत होतं. श्रावस्तीने आजीच्या फोटोसाठी पांढरी फुलं आणून फ्रिजमध्ये ठेवली होती, कोथिंबिरीशेजारी.

"वंदना झाल्यावर नेतो," तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी पुष्पलताबाईंचा फोटो मांडला. मेणबत्ती लावली. त्रिशरण, पंचशील झालं. केशवरावांचा आवाज शेवटी शेवटी नुसता ओठांत राहिला. वंदना झाल्यावर ते उठले आणि खोलीत गेले. चेनची बॅग ओढल्याचा आवाज आला.

प्रज्योत मागोमाग गेला. ज्योत्स्ना त्याच्या मागे.

"हे काय बाबा?"

"तिकीट काढून दे मायं." केशवराव शर्ट घडी करत होते, उलटीकडून. "तिकडं गच्चीवर ऊन असते. इथं माह्यामुळं बिल चढून राह्यलं."

"मी बिलाचं काही बोललो का तुम्हाला?"

"बाथरूमले सांगतोस ना. तिथून आयकू येते."

प्रज्योत हीटरकडे वळला, वायर काढायला वाकला, आणि वाकलेलाच थांबला. खोलीत कोंदट गरम होतं. खिडकी उघडी होती. हीटरचं तोंड कुठे आहे, ते त्याने आज पहिल्यांदा नीट बघितलं.

"तुम्हाला थंडी वाजत नाही," तो हळूच म्हणाला.

"नाही."

"मग?"

"राहू दे ना, प्रज्योत," ज्योत्स्ना मध्येच म्हणाली. "चला, चहा घेऊ आधी. बाबा, चला." तिचं तिलाच कळलं की लिफ्टमध्ये आमिनापुढे लागला होता तसाच आवाज लागला आहे.

केशवराव हलले नाहीत. शर्ट मांडीवर घेऊन बसले. "तिले ठाऊक होतं बरं का," ते पलंगाकडे बघत म्हणाले. "एसीतून नुसती हवा येते, ते. मी म्हटलं, पोराले सांग. तर म्हने, एवढा दमून येते, एवढ्या मायेनं बटन दाबून गेला, त्याले कायले खोटं पाडाचं. वरून मले हसे. रात्री माह्या पायात पाय घालून निजे. बर्फासारखे पाय." त्यांनी शर्टाची घडी मोडली. "मीही नाही सांगितलं. मीही तिचंच आयकलं."

दारात श्रावस्ती येऊन उभी होती. फुलांतलं एक तिच्या हातात तसंच राहिलं होतं. भिंतीवर एसी बंद होता, रिमोट त्याच्या जागी, खिळ्याला.

ज्योत्स्नाला वाटलं, आता तो म्हणेल वय झालं होतं. नाहीतर डॉक्टरांचं काहीतरी. तिने स्वतःही तेच म्हणायची तयारी केली होती. त्याला सावरायचं तर तेवढंच तिच्या हाताशी होतं.

प्रज्योतने वायर सोडली. तो पलंगाच्या पायथ्याशी बसला, चादर न चुरगळता, अगदी कडेला, आणि पायांची जागा असते तिथे त्याने तळहात टेकवला. चादर गरम होती.

"आईला थंडी वाजत होती," तो म्हणाला.