उतरणीचे ठिपके

कातळावर पायवाट पडत नाही, हे आधी समजून घ्या. मातीत चार माणसं चालली की वाट आपोआप तयार होते. कातळावर हजार माणसं हजार वर्षं चालली तरी तो ढिम्म. खालच्या तळ्यापासून मधल्या तळ्यावरून वरच्या तळ्यापर्यंतचा हा डोंगर तर सगळाच्या सगळा ग्रॅनाइटचा, उघडाबोडका आणि गुळगुळीत. त्यावर कुठून जायचं हे सांगायला दगडांवर रंगाचे ठिपके काढलेले असतात, चढणाऱ्यांसाठी पिवळे आणि उतरणाऱ्यांसाठी पांढरे. पूर्वी दगडांच्या लगोऱ्या रचून पाहिल्या होत्या. पण हौशी लोकांना एक लगोरी दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. ते शेजारी आणखी चार रचून फोटो काढून निघून जातात, आणि मागून येणारा बिचारा भलतीकडेच पोचतो. म्हणून शेवटी ठिपकेच बरे असं ठरलं.

एकतीस वर्षं हे काम दोघं बहीणभाऊ करत होते. बर्फ वितळला की निघायचं. भाऊ पिवळा डबा घेऊन पुढे, बहीण पांढरा डबा घेऊन मागे. भावाला सगळे ठिपकेकाका म्हणायचे, आणि त्याची ताई ती सगळ्यांचीच ताई. दोघांचीही लग्नं राहून गेलेली. डोंगराच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं घर, त्यात दोघांचं बरं चाललं होतं. निदान काकांना तरी तसं वाटत होतं.

मग गेल्या वर्षी पानगळीच्या सुमाराला, बासष्टाव्या वर्षी, ताईने लग्न केलं.

आता सख्खी बहीण उतारवयात लग्न करते म्हटल्यावर भावाने काय करावं? चार लोक हसले तर आपणही हसावं, इस्त्रीचे कपडे घालावेत आणि पुढे होऊन पाहुण्यांचं बघावं. काकांनी यातलं काहीएक केलं नाही. नवरा म्हणजे शहरातला औषधवाला, बायको जाऊन सहा वर्षं झालेला, शांत माणूस. ताई त्याच्याकडून दोन वर्षं गुडघ्यांचं मलम आणत होती. मलम आणता आणता हे एवढं घडलं आणि घरात काकांना गंधवार्ता नाही, हेच त्यांना जास्त झोंबलं. डोकं फिरलंय का तुझं, असं ते ताईला म्हणाले आणि लग्नाच्या दिवशी खालच्या तळ्याकडच्या रानवाटेवर पडलेलं एक झाड बघायला निघून गेले. ते झाड आणखी सहा महिने पडून राहिलं असतं तरी कुणाचं काही अडत नव्हतं.

तेव्हापासून ताई दर रविवारी फोन करायची. काका 'हो', 'नाही' आणि 'बरा आहे' एवढ्या तीन उत्तरांत आटपायचे. आपण होऊन त्यांनी एकदाही फोन केला नाही. भावोजी हा शब्द तर त्यांच्या तोंडून निघालाच नाही. 'तो औषधवाला' म्हणायचे. नाक मोठं असलं की माणसाला असे त्रास होतातच.

पण हिवाळा लांब असतो हो, आणि घर लहान. झोपताना दाराला कडी घालायचं काम इतकी वर्षं ताईचं होतं. ती गेल्यावर महिनाभर घर उघडंच राहिलं. चोर आला नाही, कारण चोरालाही तिथे काय मिळणार होतं? सुईदोरा कुठे असतो हे काकांना माहीत नव्हतं, आणि विचारायला फोन करायचा नव्हता, म्हणून ते सबंध हिवाळा बटण तुटलेला कोट घालून हिंडले. तीन तीन दिवस कुणाशी बोलणं व्हायचं नाही. मग किराणावाल्यासमोर तोंड उघडलं की आवाज घोगरा निघायचा आणि किराणावाला विचारायचा, सर्दी झाली का? हो, म्हणायचे काका.

बर्फ वितळायला लागल्यावर वाटांच्या कचेरीतल्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. ताई आता नाहीत तर पांढरे ठिपके कोण काढणार, जोडीला एखादा माणूस देऊ का, असं त्यांनी सरळ विचारलं. काका म्हणाले, एकटा पुरे. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांनाही वर उत्तरं द्यायची होती, कारण शेजारच्या डोंगरावर आदल्या वर्षी दोन माणसं वाट चुकून कड्यावर अडकली होती. त्यांनी स्पष्टच सांगितलं, येत्या शनिवारी मी सहा नवखी माणसं घेऊन येते, नुसत्या ठिपक्यांवर ती चढतील आणि उतरतील. कुणी चुकलं नाही तर काम तुमचं. चुकलं तर मात्र कंत्राटदार बोलावून कातळात लोखंडी खांब ठोकू, मग रंगाची भानगडच नको.

काका मान हलवून बाहेर पडले. हा डोंगर गेला तर त्यांच्याकडे ते दोन खोल्यांचं घर तेवढं उरत होतं, आणि त्या घरात कोणी नव्हतं.

सोमवारी आणि मंगळवारी त्यांनी पिवळे ठिपके संपवले. त्यात त्यांचा हातखंडा होता. बुधवारी सकाळी पांढरा डबा घेऊन ते वरच्या तळ्याशी उभे राहिले. पाणी अजून इतकं गार होतं की हात घातला की बोटं दुखायची. चहूबाजूंनी नुसता कातळ, ना झाड ना पाखरू. काकांनी हिशेब सोपा केला. ज्या दगडाच्या पोटावर पिवळा, त्याच्याच पाठीवर पांढरा. यात कसली अक्कल लागते? ताई इतकी वर्षं हेच करत असणार, अशी त्यांची खात्री होती. खात्री करून घ्यायला मागे वळून बघावं लागतं, आणि काका चालायला लागले की कधी मागे बघायचे नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यांनी खाली येत येत एकूण एक दगडाची पाठ रंगवली आणि मोठ्या समाधानाने घरी गेले.

गुरुवारी ते तपासायला पुन्हा वर गेले. माणूस हट्टी असला तरी कामात प्रामाणिक होता. आपण नवखे आहोत असं समजायचं, ठिपका दिसला तरच पाऊल टाकायचं, असं स्वतःला बजावून ते वरच्या तळ्यापासून निघाले, आणि पहिल्याच उतारावर त्यांना ठिपका दिसेना. कातळ मध्येच पोट काढून फुगलेला, त्यामुळे खालचा दगड पाठीसकट त्याच्या आड गेलेला. चढताना जो दगड समोर दिमाखात दिसतो, तो उतरताना दिसतच नाही. नवखा माणूस उतार नेईल तिकडे जाणार, म्हणून काकाही गेले. उतार डावीकडे ओढत होता, पायांना बरा वाटत होता. शे-दीडशे पावलांवर कातळ ओला झाला, टाच सरकली, आणि काका मटकन खाली बसले. पायांपुढे दोन हातांवर कातळ संपत होता आणि खूप खाली मधलं तळं दिसत होतं.

काका भ्याले. सरळ सांगायचं तर त्यांची पाचावर धारण बसली. बसल्या बसल्या, हातापायांनी मागे सरकत ते कोरड्यावर आले. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' म्हणतात ना? इथे पुढच्याला एकतीस वर्षांत ठेच म्हणून लागली नव्हती, आणि मागचं शहाणपण शहरात औषधाच्या दुकानावर राहायला गेलं होतं.

श्वास ठिकाणावर आल्यावर त्यांना जवळच एका बसक्या दगडावर जुना पांढरा ठिपका दिसला. बर्फाने खरवडलेला, पण ताईचाच. ह्या दगडावर पिवळा कधीच नव्हता. काका शोधत सुटले. दिवसभरात असे अकरा ठिपके सापडले, आणि एकाचाही दुसऱ्याशी मेळ लागेना. कुठे दहा पावलांवर दुसरा, कुठे दोनशे पावलांत एकही नाही. कशाच्या आधारावर काढले असतील, काही डोक्यात शिरेना. शुक्रवारचा एक दिवस हातात उरला होता.

संध्याकाळी घरी येऊन काकांनी फोन लावला. औषधवाल्याने उचलला. तुम्ही फोन केलात, तिला फार बरं वाटेल, असं तो इतक्या मनापासून म्हणाला की काकांना त्याचा राग येता येईना. ताई आल्यावर त्यांनी कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही.

"ताई, पांढरे ठिपके कुठे काढायचे?"

पलीकडे ताई हसली. "म्हणजे तुला माहीतच नाही?"

"नाही."

"अरे, तू पुढे जायचास. जाता जाता दिसेनासा झालास की मी थांबायचे. मी उभी असेन तिथल्याच दगडावर ठिपका. तू जिथे दिसेनासा झालास, तिथून उतरणाऱ्याला तो दगड दिसणारच ना?"

काकांनी मनातल्या मनात वरच्या तळ्याचा उतार उभा केला, तो फुगलेला कातळ, खालचा बसका दगड. बरोबर होतं. इतकं बरोबर होतं की त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. आणि हेही लक्षात आलं की दिसेनासं व्हायला एक माणूस लागतो आणि बघत राहायला दुसरा. एकट्याने दोन्ही कसं करणार? त्यांनी ताईला सगळं सांगितलं, शनिवारचं, बाईंचं, लोखंडी खांबांचं. ये असं म्हणायला तोंड उघडेना. ताईनेच विचारलं, पहिली बस अजून सातचीच आहे ना?

पुढचं आधीच सांगून टाकतो. शनिवारी बाई आल्या, सहा नवखी माणसं चढली, उतरली, एकही चुकलं नाही, आणि काम काकांकडे राहिलं. पुढच्या वर्षीपासून मला जोडीला माणूस द्या, असं काकांनी स्वतःच्या तोंडाने बाईंना सांगितलं. ते सगळं छान झालं. पण मला सांगायचं आहे ते शुक्रवारचं.

शुक्रवारी ताई दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून बसमधून उतरली. बरोबर तिचा नवरा, हातात घडीची खुर्ची आणि मलम. मी खालच्या तळ्याशी बसतो, म्हणाला. काका जरा घुटमळले आणि म्हणाले, भावोजी, तिथे ऊन लागेल, झाडाखाली बसा. ताईने ऐकलं आणि ऐकलं नसल्यासारखं केलं. मग म्हणाली, आज पुढे मी, मागे तू.

ती निघाली. गुडघ्यांमुळे हळू, एका अंगावर झुकत. काका पांढरा डबा घेऊन मागे. पहिल्या उंचवट्यावर तिचे पाय दिसेनासे झाले, मग कंबर, मग डोक्याचा रुमाल. काका थांबले. नुसता कातळ, पाण्याचा बारीक आवाज आणि वारा. त्यांनी दगडावर ठिपका काढला आणि भराभर पुढे गेले, तर ती दिसली. आणि साठ पावलांवर पुन्हा दिसेनाशी झाली. पुन्हा थांबायचं. पुन्हा ठिपका. ती काही रुसून जात नव्हती, कायमची जात नव्हती, चालत होती इतकंच. तरी दर वेळी ठिपका पुरा व्हायच्या आधीच काका मान उंचावून ती दिसते का बघायचे. हिवाळाभर एकटं राहून आपण एकटेपण कोळून प्यायलो, असं त्यांना वाटत होतं. मधल्या तळ्यापर्यंत सत्तर ठिपके झाले.

तळ्याशी ताई पट्टा सैल करून बसली होती. काका शेजारी बसले. पाण्याकडे बघत म्हणाले, "तू हाक का नाही मारायचीस? थांबलो असतो मी."

"मारायचे की," ताई म्हणाली. "पहिली दोन-तीन वर्षं. वारा वरून येतो रे, खालची हाक वर जात नाही." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, ती पट्टा पुन्हा आवळत होती. "मग म्हटलं, जाऊ दे. आपलं काम करावं."

एकतीस वर्षं, दर वर्षी दोनशेच्या वर ठिपके. काकांनी गुणाकार करायला घेतला आणि अर्ध्यावर सोडून दिला. त्यांना रडू यायला लागलं होतं, आणि ताईसमोर रडायची सवय नव्हती, म्हणून ते डब्याचं झाकण उघडण्यात गुंतले. ताई दगडाला धरून उठली आणि चालायला लागली.

ती पन्नास पावलं गेल्यावर काकांनी हाक मारली. "ताई!" पहिल्यांदा हळू, मग चांगली छाती भरून. ती वळली नाही. एका अंगावर झुकत चढत राहिली, आधी पाय गेले, मग कंबर, मग रुमाल. काका जरा वेळ तसेच उभे राहिले. मग होते तिथेच खाली बसले आणि पायाशी असलेल्या दगडावर त्यांनी ठिपका काढला.